सटवाईच्या आधीची नोंद

घरात मूल जन्मले की पाचव्या वा सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद, लेखणी आणि दिवा ठेवण्याची रीत आपल्याकडे अजून मोडलेली नाही. गोव्या-कोकणात तिला सटी म्हणतात, देशावर आणि खानदेशात पाचवी म्हणतात. नावे निराळी, श्रद्धा एकच. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते. घरातील म्हातारी माणसे दिवा विझू देत नाहीत. कोणी ना कोणी आळीपाळीने जागे राहते. ह्या रीतीची थट्टा करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. परंतु सटवाई लेखणी उचलते तिच्यापूर्वी एक रात्र होऊन गेलेली असते, कळांची रात्र. आणि बाळाने जगावे की नाही, जगले तर धडधाकट जगावे की जन्मभराचे पंगुत्व घेऊन, आईने त्याला मांडीवर घ्यावे की नाही, ह्यांपैकी पुष्कळसे त्या रात्रीच लिहून झालेले असते. त्या रात्री कागद-लेखणी घेऊन कोण जागे होते, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुंबईहून रेल्वेने सुरतेस जाताना नवसारी आणि सचिन मागे पडले की उधन्याच्या अलीकडे भेस्तान नावाचे एक लहान स्थानक लागते. बहुतेक प्रवाशांच्या ते ध्यानातही राहत नाही. जवळच पांडेसराची औद्योगिक वसाहत आहे. सभोवार रंगाई-छपाईच्या गिरण्या, यंत्रमागांचे कारखाने आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या कामगारांच्या वस्त्या आहेत. उधन्याहून फुटणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग नंदुरबार, अमळनेरवरून जळगावकडे जातो, आणि त्याच मार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे सुरतेस पोटासाठी आली. ती इतकी आली की सुरतेची महापालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते. भेस्तान, उधना, लिंबायत, पांडेसरा ही नावे आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस दूरची वाटतील. परंतु तेथील गल्लीत मराठी आणि अहिराणी कानी पडते, तेथेही गणपती बसतात, आणि तेथेही पाचवीच्या रात्री दिवा तेवत राहतो.

अशा वस्तीतील एखादी पहिलटकरीण डोळ्यांसमोर आणावी. नवरा मागावर आहे, पाळी रात्रीची आहे. सहा महिने तिची तपासणी जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात झाली. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले आणि पहिले बाळंतपण माहेरी ह्या आपल्या जुन्या रिवाजाप्रमाणे तिला गाडीत बसवून नंदुरबारकडे पाठविण्यात आले. किंवा माहेरची परिस्थिती बेताची म्हणून ती भेस्तानातच राहिली. पहिल्या प्रकारात तिचे कागद गुजरातीत असतात आणि प्रसूती महाराष्ट्रात होते. रक्तदाब केव्हा वाढला, रक्त किती होते, हे वाचणारा भेटेलच असे नाही. दुसऱ्या प्रकारात कागद जवळ असतात, पण प्रसूतिकक्षातील सूचना गुजरातीत, आणि तिचे कण्हणे अहिराणीत. दोन्ही प्रकारांत तिच्या उशाशी कोणीतरी सतत असावे लागते, तिच्या पोटावर हात ठेवावा लागतो आणि आतील जिवाच्या हृदयाचे ठोके मोजून ते लिहून ठेवावे लागतात. हे 'कोणीतरी' कोण, आणि त्याच्या हातात काय, हाच सारा प्रश्न आहे.

प्रथम हे ठोके मोजावयाचे कशासाठी, ते पाहू. गर्भाशय आकसते तेव्हा कळ येते, आणि प्रत्येक कळेबरोबर वारेकडे जाणारा रक्तप्रवाह काही क्षण रोडावतो. निरोगी बाळाजवळ प्राणवायूची एवढी शिल्लक असते की ते हा ताण सहज सोसते, आणि कळ ओसरली की पुन्हा ताजे रक्त मिळते. परंतु वार कमकुवत असेल, नाळ दाबली गेली असेल, कळा फार लवकर लवकर येत असतील, किंवा प्रसूती अडून बसली असेल, तर ही शिल्लक संपत जाते. मग कळ संपल्यावरही बाळाचे हृदय मंद राहते आणि उशिराने पूर्ववत होते. मिनिटास ११० ते १६० ही ठोक्यांची साधारण मर्यादा. ती सुटली, किंवा कळेमागून कळेनंतर ठोके असे उशिरापर्यंत मंदावू लागले, की समजावे, आत बाळ गुदमरू लागले आहे. बाळ रडून सांगू शकत नाही. त्याचा हा एकच आवाज आहे, आणि तो कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही.

ऐकण्याची ही विद्या फारशी जुनी नाही. १८२१ साली केर्गाराडेक ह्या फ्रेंच वैद्याने गर्भवतीच्या पोटावर नळी लावून बाळाच्या हृदयाचा आवाज ऐकू येतो असे जाहीर केले. १८९५ च्या सुमारास पिनार्ड ह्या पॅरिसच्या प्रसूतितज्ज्ञाने आपल्या नावाने ओळखला जाणारा लहानसा कर्णा बनविला. एक टोक पोटावर, दुसरे कानाशी. वीज नको, बॅटरी नको. पुढे ध्वनिलहरींवर चालणारे डॉप्लर आले, ज्यातून ते ठोके खोलीतील सर्वांस ऐकू येतात. आणि १९६० नंतरच्या दशकात आले ते मोठे यंत्र, ज्याला डॉक्टर सी.टी.जी. म्हणतात. आईच्या पोटावर दोन पट्टे बांधावयाचे. एक बाळाचे ठोके टिपतो, दुसरा कळांचा जोर. आणि दोहोंच्या रेघा एकाखाली एक कागदावर अखंड उमटत राहतात. यंत्र झोपत नाही, दमत नाही, चहा प्यावयास जात नाही. साहजिकच जगभरच्या रुग्णालयांनी ते हर्षाने स्वीकारले. अखंड पहारा बसला, आता बाळे दगावणार नाहीत, अशी सर्वांची समजूत झाली.

ही समजूत कसोटीस लावून पाहण्याचे काम डब्लिन येथे झाले, आणि १९८५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे तेरा हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना यंत्र लावले, निम्म्यांचे ठोके परिचारिकांनी ठराविक अंतराने कानांनी ऐकले. यंत्राच्या बाजूस नवजात बाळांना येणारे झटके निम्म्यावर आले, हा लाभ निर्विवाद होता. परंतु बाळांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात अशा १३ चाचण्या आणि ३७,००० हून अधिक स्त्रिया ह्यांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला. निष्कर्ष तोच निघाला: झटके निम्मे झाले, मृत्यू घटल्याचे किंवा मेंदूच्या इजेमुळे येणारे पंगुत्व घटल्याचे दिसले नाही, आणि सिझेरियन शस्त्रक्रिया मात्र दीडपटीहून अधिक झाल्या. ह्याच अनुभवावरून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितले की, निरोगी गर्भवतीची प्रसूती आपणहून सुरू झाली असेल, तर तिला हे यंत्र अखंड लावू नये. पहिल्या अवस्थेत पंधरा ते तीस मिनिटांनी आणि बाळ बाहेर येण्याच्या अवस्थेत दर पाच मिनिटांनी, डॉप्लरने वा कर्ण्याने, किमान एक मिनिटभर ठोके ऐकावेत.

असे का व्हावे? रेघ उमटविणे हे यंत्राचे काम. रेघेचा अर्थ लावणे हे माणसाचे. एकच पट्टी दोन तज्ज्ञांस दाखविली तर दोघांची मते जुळतीलच असे नसते. धडधाकट बाळाचे ठोकेही कधी कधी खाली-वर होतात. डोळ्यांसमोर रेघ खाली आली की डॉक्टरचे मन धास्तावते. उद्या काही विपरीत घडले तर हाच कागद न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहील, ही भीती असतेच. मग सुरक्षित मार्ग एकच दिसतो, सुरी. ह्यात डॉक्टरांची नियत वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु जिथे रात्री परिचारिका अपुऱ्या, जिथे उशाशी बसून तासन्‌तास वाट पाहण्यास कोणाजवळ वेळ नाही, तिथे यंत्र हे वाट पाहण्याचे साधन न राहता घाई करण्याचे निमित्त होते.

आणि ह्या घाईचे सर्वांत मोठे उदाहरण भेस्तानात शोधावयास नको. ते आमच्या किनाऱ्यावरच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के जन्म सिझेरियनने झाल्याचे आढळले, महाराष्ट्रात २५.४ टक्के, गुजरातेत २१ टक्के, आणि गोव्यात ३९.५ टक्के. देशभरातील खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होते. सिझेरियनचे प्रमाण दहा टक्क्यांपलीकडे गेल्याने देशाच्या पातळीवर माता-बालकांचे मृत्यू आणखी घटत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली म्हटले होते. खासगी आणि सरकारी खाटांवर निजणाऱ्या स्त्रियांच्या शरीररचनेत तिपटीने फरक असणे शक्य नाही. मग एकीकडे अनेकींच्या पोटावर विनाकारण सुरी चालत असली पाहिजे, आणि दुसरीकडे जिला सुरीची खरोखर निकड आहे अशा एखादीपर्यंत ती वेळेवर पोहोचत नसली पाहिजे. हे दोन्ही दोष एकाच मुळाचे आहेत: प्रसूतीच्या खाटेपाशी ऐकणाऱ्या माणसाची उणीव.

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. पणजी-मुंबईच्या सुखवस्तू घरांना रेघा काढणारे यंत्र, आणि भेस्तानच्या मागावरील कामगाराच्या बायकोला कर्णा, अशी वाटणी आम्ही सुचवीत आहोत काय? तसे असते तर आमच्या लेखणीला लाज वाटावयास हवी होती. जागतिक आरोग्य संघटनेचा तो सल्ला गरिबांपुरता नाही; लंडनमधील निरोगी गर्भवतीलाही तो तितकाच लागू आहे. उलट ज्या स्त्रीचा रक्तदाब चढलेला आहे, जिचे बाळ पोटात वाढलेले नाही, जिच्या पोटातील पाण्यात बाळाची शी मिसळली आहे, किंवा जिला कळा वाढविण्याचे औषध शिरेतून चालू आहे, तिला मोठे यंत्र मिळालेच पाहिजे, मग ती कोणत्याही गल्लीत राहत असो. कळा वाढविण्याचे औषध देऊन बाळाचे ठोके न मोजणे हा तर, आमच्या मते, गुन्ह्याच्या जवळ जाणारा निष्काळजीपणा आहे. यंत्राची वाटणी खिशाकडे पाहून होऊ नये, धोक्याकडे पाहून व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ऐकण्याइतकेच महत्त्व लिहिण्याला आहे. १९७२ साली तेव्हाच्या ऱ्होडेशियात फिल्पॉट आणि कॅसल ह्या डॉक्टरांनी दूरच्या खेड्यांतील सुइणींसाठी एक आलेख तयार केला. एकाच कागदावर ठोके, कळा, गर्भाशयाचे मुख किती उघडले, आईची नाडी आणि रक्तदाब तासागणिक टिपावयाचा. आखून दिलेली रेघ प्रसूतीने ओलांडली की समजावे, ती अडली आहे, गाडी बोलवा. पुढे इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंड येथे पस्तीस हजारांहून अधिक स्त्रियांवर ह्या आलेखाची परीक्षा झाली आणि १९९४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रेंगाळलेल्या प्रसूतींचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले, आणि तातडीची सिझेरियनेही कमी झाली. कागद आणि पेन! २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ह्याच आलेखाची सुधारलेली आवृत्ती दिली. आमच्या देशातही हा आलेख परिचारिकांस शिकविला जातो. परंतु बाळ जन्मल्यावर, फाईल पुरी करावयाची म्हणून, मागाहून भरलेला आलेख कोणाचा जीव वाचविणार? तो त्या त्या घटकेस, खाटेपाशी उभे राहूनच भरावा लागतो.

बाळाबरोबर आईचीही नोंद हवी, आणि ह्या बाबतीत आमच्या सीमाभागाने जगाला एक धडा दिला आहे, तो मराठी माणसाने अभिमानाने सांगावा असा आहे. बाळंतिणीच्या मृत्यूचे मोठे कारण म्हणजे बाळ जन्मल्यावर होणारा अतिरक्तस्राव. किती रक्त गेले ते डोळ्यांच्या अंदाजाने ठरविण्याची जगभर रीत होती, आणि डोळा फसतो. कपड्यात नि चादरीत जिरलेले रक्त कमीच दिसते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांच्या साहाय्याने एक साधी युक्ती काढली: बाळंतिणीखाली पसरावयाची प्लॅस्टिकची चादर, तिला खाली निमुळती पिशवी, आणि पिशवीवर मापाच्या रेघा. बेळगाव परिसरातील खेड्यांत १६२० स्त्रियांवर झालेल्या औषधाच्या चाचणीत रक्त मोजण्यासाठी हीच चादर वापरली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांमुळे अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, आणि ह्या प्रसूती परिचारिकांनीच केल्या होत्या.

बेळगावच्या ह्या कल्पनेचा पुढील प्रवास अधिक बोलका आहे. केनया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तेथे मापाची चादर तर दिलीच, पण तिच्याबरोबर एक नियमही दिला: रक्त अमुक रेघेवर आले की गर्भाशय चोळणे, औषधे, सलाईन आणि तपासणी हे सारे उपाय एकदम, वाट न पाहता सुरू करावयाचे. अतिरक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेले, आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. लाखो रुपयांच्या यंत्राने जे साधले नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीने का साधले? कारण त्या रेघेचा अर्थ एकच होता, तो खाटेपाशी उभ्या असलेल्या परिचारिकेस कळत होता, आणि रेघ भरताच काय करावयाचे ते आधी ठरलेले होते. उपकरणाचे मोल त्याच्या किमतीवर ठरत नाही. त्याने हाक मारल्यावर कोण उठते आणि काय करते, ह्यावर ठरते.

नव्या उपकरणांचे आम्ही वैरी नाही, हे येथे सांगून टाकणे बरे. मुंबईच्या केअरएनएक्स ह्या कंपनीने 'फीटोसेन्स' नावाचे हातात मावणारे उपकरण तयार केले आहे. ते बाळाचे ठोके टिपून मोबाईलवर उतरविते आणि दूर बसलेल्या डॉक्टरास दाखवू शकते. बंगळूरच्या जनित्री ह्या कंपनीचेही असेच उपकरण आहे. आपल्याच तरुणांनी, आपल्याच रुग्णालयांच्या अडचणी पाहून अशी साधने घडवावीत, ही आनंदाची गोष्ट आहे. भेस्तानसारख्या ठिकाणच्या लहान प्रसूतिगृहातून मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाला मध्यरात्री पट्टी दाखविता आली, तर एखादा जीव खचित वाचेल. परंतु पट्टी पाहणारा तज्ज्ञ त्या घटकेस जागा हवा, रुग्णवाहिकेचा चालक हजर हवा, शस्त्रक्रियेची खोली उघडी हवी, भूल देणारा हवा. ह्या साखळीतील एक कडी निखळली की मोबाईलवरील रेघ ही बाळाच्या मृत्यूची नुसती साक्षीदार ठरते.

गर्भाशयात डोकावणाऱ्या यंत्राचा एक अनुभव आपल्या गाठीशी आहेच, आणि तो विसरण्यासारखा नाही. बाळाची वाढ पाहण्यासाठी आलेली सोनोग्राफी आपण कशासाठी वापरली? मुलगी आहे की मुलगा हे पाहण्यासाठी. अखेर महाराष्ट्राला १९८८ साली देशात सर्वांआधी त्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि १९९४ साली केंद्रानेही केला. यंत्र स्वतः चांगले वा वाईट नसते. ते ज्या समाजाच्या हाती पडते त्याच्या लोभाचे किंवा काळजीचे ते हत्यार होते. प्रसूतिकक्षातील यंत्रही ह्याला अपवाद नाही. ते बिलात भर घालण्यासाठी लावावयाचे, की बाईजवळ बसण्याचा वेळ वाचविण्यासाठी, की बाळाचा आवाज ऐकण्यासाठी, हे आपणांसच ठरवावे लागेल.

सुरतेच्या बाबतीत तर ह्या विषयाला एक मराठी स्मृतीही आहे. मुंबईची रखमाबाई, जिने बालपणी लागलेले लग्न नाकारून दादाजी भिकाजीच्या १८८४ ते १८८८ पर्यंत गाजलेल्या खटल्यास धैर्याने तोंड दिले, ती विलायतेत डॉक्टर होऊन परतली आणि १८९५ च्या सुमारास सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाली. पुढे सुमारे दोन दशके तिने तेथे बायकांची बाळंतपणे केली. रुग्णालयात बाळंतपणास जाण्याचे त्या काळी बायकांस भय वाटे. सांगतात की, ते जावे म्हणून डॉ. रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवून तिची सुखरूप सुटका करून दाखविली. गोष्ट हसण्याजोगी वाटेल, पण तिच्यातील मर्म गंभीर आहे. बाई रुग्णालयात येते ती विश्वासाने, आणि विश्वास हा माणसावर बसतो. आज बायका रुग्णालयात येतात; वर सांगितलेल्या पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के जन्म रुग्णालयांतच होतात. घरातून रुग्णालयापर्यंतचा रस्ता शंभर वर्षांत कापला गेला. रुग्णालयाच्या दारापासून खाटेपर्यंतचे अंतर तेवढे राहिले आहे.

ते अंतर तुटू शकते, हेही सुरतेनेच दाखविले आहे. १९९४ च्या प्लेगने हे शहर जगभर बदनाम झाले. लाखो माणसे, त्यांत आपली खानदेशी कुटुंबेही, मिळेल त्या गाडीने पळाली. १९९५ साली एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि दोनएक वर्षांत त्यांनी शहराचे रूप पालटले. त्यांनी कोणते अद्भुत यंत्र आणले नव्हते. सकाळी अधिकाऱ्याने खुर्ची सोडून गल्लीत जावयाचे, काय झाले नि काय राहिले ते पाहावयाचे, आणि रोज त्याचा हिशेब द्यावयाचा, एवढाच तो मंत्र होता. जी शिस्त गटाराला लागू पडली ती प्रसूतिकक्षाला का लागू पडू नये? माणूस जागेवर आहे काय, ठोके ऐकले काय, ऐकल्याबरोबर लिहिले काय, हे रोज कोणी विचारावयास हवे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१७ साली 'लक्ष्य' ही प्रसूतिकक्ष सुधारण्याची योजना आली. २०१८ साली स्वतंत्रपणे प्रसूती करू शकणाऱ्या प्रशिक्षित सुइणींची श्रेणी निर्माण करण्याचे केंद्राने ठरविले. मातामृत्यूंचे प्रमाण घटत आले आहे. २०१८-२० च्या आकड्यांनुसार लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७, गुजरातेत ५७, महाराष्ट्रात ३३ आणि केरळात १९. परंतु गुजरात आणि केरळ ह्यांतील अंतर हे यंत्रांचे नाही, शिकलेल्या हातांचे आहे. एका परिचारिकेकडे एकाच वेळी अनेक अडलेल्या बायका सोपविल्यावर तिने दर पाच मिनिटांनी प्रत्येकीचे ठोके मोजावेत, ही अपेक्षा गणितालाच मान्य नाही. यंत्रखरेदीच्या निविदा लवकर निघतात, कारण यंत्राचे उद्घाटन करता येते, फीत कापता येते, छायाचित्र निघते. रात्रपाळीच्या चार जादा परिचारिकांचे उद्घाटन कसे करावयाचे?

तेव्हा आमच्या अपेक्षा थोड्या आणि सरळ आहेत. बाळंतपण होते त्या प्रत्येक खोलीत, सरकारी असो वा खासगी, हातातील डॉप्लर, त्याच्या जादा बॅटऱ्या आणि वीज गेल्यास उपयोगी पडणारा कर्णा असलाच पाहिजे. ठोके ठरल्या वेळी ऐकून त्याच घटकेस लिहिले गेले पाहिजेत. मोठे यंत्र धोक्याच्या बाळंतपणासाठी आणि औषधाने कळा वाढविलेल्या स्त्रियांसाठी राखून ठेवावे, आणि पट्टी वाचणारे माणूस नसेल तिथे आधी माणूस नेमावे. बेळगावात जन्मलेली मापाची चादर बेळगावपासून भेस्तानपर्यंत प्रत्येक खाटेवर पोहोचावी. २०१६ पासून केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ एका स्त्री-नातलगास थांबू देण्याचे धोरण ठेवले आहे. ते दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे. आई वा सासू उशाशी असली, तर कण्हण्याचा अर्थ सांगणारे कोणी तरी राहील. माता-बाल कार्ड गुजरातेत भरले तरी नंदुरबारात वाचता येईल असे, आकडे आणि खुणा सर्वत्र सारख्या असलेले असावे. माहेरी जाणाऱ्या लेकीच्या पिशवीत लाडवांच्या डब्याआधी ते कार्ड जावे. आणि प्रत्येक रुग्णालयाने आपल्याकडील सिझेरियनचे प्रमाण दर्शनी फलकावर लावावे, म्हणजे आमच्या गोव्यातील वाचकांसही काही प्रश्न विचारता येतील.

वाचकांनीही आपल्या वाट्याचे काम करावयास हवे. आपण बाळंतपणासाठी रुग्णालय निवडतो तेव्हा खोली वातानुकूलित आहे काय, हे विचारतो. त्याऐवजी विचारावे: रात्री परिचारिका किती असतात? ठोके किती वेळाने ऐकतात? ते लिहिलेला कागद आम्हांस दाखवाल काय? ज्याला हे प्रश्न आवडणार नाहीत त्याच्या दारी न गेलेले बरे. आणि आपल्या घरी धुणीभांडी करणारी, आपल्या गिरणीत कापड घडी करणारी बाई गरोदर असेल, तर तिच्या वतीने हेच प्रश्न आपण विचारावेत. तिला ते विचारण्याचे धाडस होणार नाही.

पाचवीची रात्र येईल, पाटावर कोरा कागद ठेवला जाईल, दिवा लागेल. सटवाईने काय लिहावे हे आपल्या हाती नाही. परंतु त्यापूर्वीच्या रात्रीचा कागद आपल्या हाती आहे. त्यावर दर तीस मिनिटांनी, मग दर पाच मिनिटांनी, कोणी तरी जागे राहून एक आकडा लिहावयाचा आहे. भेस्तानच्या गल्लीतील असो वा आमच्या किनाऱ्यावरील, कोणत्याही लेकीच्या उशाशी तो कागद कोरा राहता कामा नये.